पूर्ण पत्ता कुणाच्या भरवशावर बांधायचा?

भंडाऱ्यात ऑटोवाल्याला 'खांब तलाव' एवढं सांगितलं की पुरतं. पण पुण्याहून पत्र टाकायचं तर शहर, जिल्हा आणि पिन ४४१९०४ लिहावंच लागतं. वेबवरच्या लिंकांचंही तसंच आहे. साइटच्या पानावर '/नोंदणी' एवढा सापेक्ष पत्ता चालतो, कारण आपण कोणत्या साइटवर आहोत हे ब्राउझरला ठाऊक असतं. तीच लिंक ईमेलमध्ये गेली की हा संदर्भ तुटतो. तिथे एचटीटीपीएस, डोमेन आणि मार्ग असा पूर्ण पत्ता सर्व्हरनेच बांधावा लागतो.

मग डोमेन आणायचं कुठून? आपण बरेचदा ते आलेल्या विनंतीच्या 'होस्ट' हेडरमधून उचलतो. एका सर्व्हरवर अनेक साइट चालाव्यात म्हणून १९९७च्या एचटीटीपी १.१ने हा हेडर सक्तीचा केला. पण तो भरतो कोण? विनंती पाठवणारा. तो त्यात काहीही लिहू शकतो.

समजा, आपण धान खरेदीच्या नोंदणीची साइट केली. एका भामट्याने साकोलीच्या शेतकऱ्याच्या नावाने 'पासवर्ड विसरलो' अशी विनंती पाठवली आणि होस्टमध्ये स्वतःचं डोमेन घातलं. आपला सर्व्हर त्याच डोमेनची लिंक बांधतो आणि ईमेल जातो खऱ्या शेतकऱ्याला, तोही आपल्याकडूनच! त्याने विश्वासाने लिंक दाबली की गुप्त टोकन भामट्याच्या हाती. मग पासवर्ड बदलून तो खात्यात शिरणार, बँकेचा तपशीलही बदलू शकणार.

म्हणून मूळ पत्ता आपण सेटिंगमध्ये लिहून ठेवायचा. रेल्समध्ये ईमेलच्या लिंकांसाठी होस्ट वेगळा सांगावाच लागतो, कारण तिथे विनंतीच हाताशी नसते. जँगो पूर्ण पत्ता विनंतीवरून बांधतो, पण होस्ट 'अलाउड होस्ट्स' यादीत आहे का हे आधी तपासतो. त्या यादीत नुसती फुली टाकली, की राखणदार झोपला म्हणून समजा. पुढे प्रॉक्सी असेल तर 'मूळ विनंती एचटीटीपीएसने आली' हा तिचा निरोप मानावा, पण फक्त आपल्याच प्रॉक्सीचा.

आणि हा पत्ता एकाच जागी ठेवावा. १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तिरोड्याच्या पत्त्यातला 'जिल्हा भंडारा' बदलला. डोमेनही कधीतरी बदलतंच. त्या दिवशी आपल्याला एक ओळ बदलावी लागावी, शंभर फायली नव्हे.