किंमत तीच, माप उणें

जुन्या वाण्याची लबाडी तागडीच्या पासंगांत असे. दांडी जरा कलती दिसली कीं घरचीं वडील माणसें दुकानांतच आवाज चढवीत आणि वाणी निमूटपणें मूठभर डाळ वर टाकी. आतां बराचसा माल कारखान्यांतच बांधून येतो, व पुड्यावर छापलेलें वजन बहुधा खरेंच असतें. म्हणूनच भांडावें कोणाशीं हा प्रश्न पडतो. माप उणें झालें आहे खरें. परंतु तें चोरून नव्हे, सांगून झालें आहे. सांगितलें मात्र इतक्या बारीक अक्षरांत, कीं चष्मा असूनहि तें दिसूं नये!

पांच व दहा रुपये या किंमती कारखानदारांना फार प्रिय आहेत. बिस्किटें, फरसाण, साबणाची लहान वडी यांचें गिऱ्हाईक हातांत नाणें घेऊन येतें; पांचाचे सहा म्हटले, तर तें शेजारच्या मालाकडे वळतें. तेव्हां गहूं, साखर, पामतेल महागलें म्हणजे किंमतीस हात न लावतां पुड्यांतलीं दोन बिस्किटें काढून घेणें सोयीचें पडतें. पुढें तेल उतरलें, तरी तीं बिस्किटें सहसा परत येत नाहींत.

यास पूर्वी थोडा लगाम होता. आवेष्टित वस्तूंविषयींच्या २०११ च्या नियमांस एक परिशिष्ट असे; चहा, बिस्किटें, खाद्यतेल, साबण इत्यादि जिन्नस ठराविक वजनांतच बांधावेत, असा त्याचा आशय होता. २०२१ च्या दुरुस्तीनें तें परिशिष्ट गळलें. त्याच दुरुस्तीनें किलोहून लहान पुड्यांवर दर ग्रॅमचा भाव छापण्याचें बंधन आलें, ही त्यांतली जमेची बाजू. तो भाव बायकांनींच काय, हिशेब मागणाऱ्या पुरुषांनींहि वाचावा.

कारण याचा जाच होतो तो एकत्र कुटुंबांत. यादी जुन्याच संख्येनें होते: साबणाच्या वड्या बारा, तेलाच्या पिशव्या पांच. वडी १२५ ग्रॅमांची १०० वर आली, तर बारा वड्यांत ३०० ग्रॅम कमी, म्हणजे जवळजवळ अडीच जुन्या वड्या गेल्या. भाव शेंकडा २५ नीं चढला. पंचविसाव्या तारखेस डबा रिकामा होतो, आणि ‘हिचा हात सैल’ हा शिक्का बसतो सुनेवर. यादी नगांत न करतां वजनांत करावी. लिटरभर तेल सुमारें ९१० ग्रॅम भरतें. पिशवीवरचा आंकडा त्याहून कमी असेल, तर ती पिशवी लिटरची नव्हे, मग दिसावयास कितीहि तशी असो.

गुणाची घट याहून अवघड, कारण ती तागडींत सांपडत नाहीं. भारतीय मानकाप्रमाणें अंगाच्या साबणांत एकूण स्निग्धांश पहिल्या प्रतीस शेंकडा ७६, दुसरीस ७० व तिसरीस ६० तरी लागतो. ‘बेदिंग बार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वडीस ४० पुरतात. वास तोच, रंग तोच. मुलांसाठीं आणलेल्या थंड डब्याचेंहि तसेंच. आइस्क्रीम म्हणावयाचें, तर दुधाचा स्निग्धांश शेंकडा १० हवा. ‘फ्रोझन डेझर्ट’मध्यें त्या जागीं वनस्पतितेल चालतें. दुकानदार दोन्ही एकाच पेटींतून काढून देतो, तेव्हां डब्यावरचें नांव तेथेंच वाचून घ्यावें.