एकट्यापुरतं पास्तिना इन ब्रोदो

इटलीत लहान मुलांना, आजाऱ्यांना आणि थकून घरी आलेल्यांना हमखास मिळणारं सूप म्हणजे पास्तिना इन ब्रोदो. पास्तिना म्हणजे अगदी बारीक पास्ता. त्यातले चांदण्यांच्या आकाराचे स्तेल्लिने मला सर्वांत आवडतात!

एका माणसासाठी:
▪️ अर्धा कांदा, 1 गाजर, सेलरीचा 1 दांडा
▪️ पाणी 600 मिली
▪️ पास्तिना 50 ग्रॅम
▪️ लोणी 1 चमचा, किसलेलं पार्मेजान चीज 2 चमचे

भाज्यांचे मोठे तुकडे करून पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळा. पार्मेजानची कडक साल फेकू नका, ती याच पाण्यात घाला. ती खाण्याजोगी असते आणि रश्शाला सुंदर खोल चव देते. मग गाळून मीठ घाला.

रस्सा पुन्हा उकळला की त्यात पास्तिना टाका, ढवळत राहा. चार-पाच मिनिटांत शिजतो. पास्त्यातला स्टार्च रश्शातच उतरतो, म्हणून मलई न घालताही सूप दाटसर होतं. गॅस बंद करून लोणी आणि चीज मिसळा, वर मिरपूड.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. अस्सल पार्मेजान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या पोटातल्या रेनेट या दूध गोठवणाऱ्या विकराने बनतं. शाकाहारी असाल तर सूक्ष्मजीवजन्य रेनेटचं कडक चीज घ्या. आणि पास्तिना रस्सा शोषून फुगत जातो, त्यामुळे एका वेळेपुरताच शिजवा. रस्सा मात्र जास्त करून वाटी-वाटीने फ्रीजरमध्ये ठेवा. पुढच्या वेळी दहा मिनिटांत जेवण तयार!