बैठक ओळखा, मग सीसी बघा: अ‍ॅव्हेंजरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

आपल्याकडे परवडणारी क्रूझर म्हटली की बहुतेकांना पहिली आठवते ती बजाज अ‍ॅव्हेंजर. 2005 मध्ये ती आली आणि तेव्हापासून तिच्यात 150, 160, 180, 200 आणि 220 सीसी अशी वेगवेगळी इंजिनं येऊन गेली. इतकी वर्षं रस्त्यावर असूनही तिच्याविषयीची माहिती मात्र बरीचशी ऐकीव असते. गॅरेजवर, कॉलेजच्या पार्किंगमध्ये, जुन्या गाडीचा सौदा करताना तीच ती वाक्यं कानावर पडतात. याचं मुख्य कारण म्हणजे आपण गाडी जोखतो ती सीसीवरून आणि क्रोमच्या चकाकीवरून. ती आपल्याला बसवते कशी, हे बघायचं राहूनच जातं. क्रूझरच्या बाबतीत तर सगळं गणित तिथेच सुरू होतं.

गैरसमज: अ‍ॅव्हेंजर म्हणजे नाव बदललेली कावासाकी एलिमिनेटर.

वस्तुस्थिती: हे अर्धं खरं आहे. कावासाकीने 1985 मध्ये आणलेली एलिमिनेटर 900 ही ड्रॅग रेसच्या गाडीच्या थाटाची होती आणि तिचं चार सिलिंडरचं इंजिन पहिल्या निन्जावरून, म्हणजे जीपीझेड 900 आर वरून घेतलेलं होतं. पुढे तेच नाव लहान गाड्यांनाही मिळालं, अगदी 125 सीसीपर्यंत. बजाज आणि कावासाकी यांचं सहकार्य ऐंशीच्या दशकापासूनचं. केबी 100, बॉक्सर, कॅलिबर या गाड्या त्यातूनच आल्या. 2001 मध्ये 175 सीसीची एलिमिनेटर भारतात आली तीही याच वाटेने. तिचं इंजिन कावासाकीचं होतं आणि किंमत त्या काळच्या खिशाला जड होती.

2005 मध्ये बजाजने तिची लांबलचक ठेवण कायम ठेवली, पण इंजिन बदललं. त्या जागी पल्सर 180 चं 178.6 सीसीचं, साधारण साडेसोळा पीएस ताकदीचं इंजिन बसवलं. त्यामुळे किंमत उतरली आणि कुठल्याही गावातल्या फिटरला ओळखीचं असलेलं इंजिन क्रूझरमध्ये आलं. 2007 मध्ये 200 आणि 2010 मध्ये 220 सीसीची अ‍ॅव्हेंजर आली, त्याही पल्सरच्याच घराण्यातल्या. थोडक्यात, रूप एलिमिनेटरचं आणि काळीज पल्सरचं. कावासाकीने 2024 मध्ये भारतात आणलेल्या 451 सीसी, दोन सिलिंडरच्या नव्या एलिमिनेटरशी अ‍ॅव्हेंजरचा काही संबंध नाही.

गैरसमज: ही भारतातली पहिली क्रूझर.

वस्तुस्थिती: नाही. एनफिल्डने नव्वदच्या दशकातच 535 सीसीची लायटनिंग क्रूझरच्या रूपात आणली होती. पुढे रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड आली. यामाहाची एन्टायसर तर जेमतेम 125 सीसीच्या वर्गातली होती. अ‍ॅव्हेंजरचं श्रेय वेगळं आहे. पगारदार माणसाच्या आवाक्यात आणि रोज ऑफिसला नेता येईल अशी क्रूझर तिने बाजारात टिकवून दाखवली.

गैरसमज: क्रूझर म्हणजे मोठं इंजिन. 220 सीसीला क्रूझर म्हणणं ही थट्टाच.

वस्तुस्थिती: होंडाने 1985 मध्ये आणलेल्या रेबेल 250 चं इंजिन प्रत्यक्षात 234 सीसीचं होतं आणि ती जगभर क्रूझर म्हणूनच ओळखली गेली. गाडी क्रूझर ठरते ती सीटची उंची, दोन चाकांमधलं अंतर, पायदाणांची जागा आणि हँडलचा आकार यांवरून.

याचा पुरावा बजाजच्याच दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या की मिळतो. पल्सर 220 आणि अ‍ॅव्हेंजर 220 यांचं इंजिन एकाच घराण्यातलं. पण पल्सरची सीट जमिनीपासून 795 मिलिमीटर उंच, तर अ‍ॅव्हेंजरची 737. पल्सरच्या दोन चाकांमध्ये 1350 मिलिमीटर अंतर, अ‍ॅव्हेंजरमध्ये 1490. पायदाणं पुढे सरकवलेली, हँडल मागे ओढून घेतलेलं, पुढचं चाक 17 इंची आणि मागचं 15 इंची. दिसायला अवाढव्य वाटली तरी वजन 163 किलो, म्हणजे पल्सरपेक्षा थोडंसंच जास्त. इंजिन जवळपास तेच, पण एका गाडीवर स्वार पुढे झुकतो आणि दुसरीवर मागे रेलतो. क्रूझरपण आहे ते या फरकात.

गैरसमज: क्रूझरचं इंजिन असल्यामुळे कमी वेगातही भरपूर जोर मिळतो.

वस्तुस्थिती: अ‍ॅव्हेंजर 220 ची सुमारे 19 पीएस ताकद मिळते ती इंजिनाच्या मिनिटाला साधारण साडेआठ हजार फेऱ्यांना. टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, सुमारे साडेसतरा न्यूटन मीटर आणि तोही सात हजार फेऱ्यांच्या आसपास. रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 शी तुलना केली की फरक लक्षात येतो. तिथे 27 न्यूटन मीटरचा जोर चार हजार फेऱ्यांनाच हाती येतो. क्लासिकच्या सिलिंडरचा व्यास 72 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 85.8, म्हणजे लांब धावेचं, सावकाश फिरणारं इंजिन. 220 च्या इंजिनात व्यास 67 आणि धाव सुमारे 62. हे आखूड धावेचं, भराभर फिरायला आवडणारं इंजिन आहे.

म्हणून घाटात मागे माणूस आणि सामान असताना चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी रेटू नका. ती धापा टाकायला लागली तर इंजिन कमजोर आहे असं नाही. एक गिअर खाली घेतला की तीच गाडी निमूट चढते.

गैरसमज: डीटीएस-आय म्हणजे दोन सिलिंडर.

वस्तुस्थिती: डीटीएस-आय हे बजाजने आपल्या दोन प्लगच्या इंजिनांना दिलेलं नाव. सिलिंडर एकच, प्लग दोन. सिलिंडर हेडकडे डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंनी पाहिलं तर प्लगच्या दोन टोप्या दिसतात. एकच प्लग असेल तर ठिणगीपासून निघालेल्या ज्वाळेला सिलिंडरच्या पार दुसऱ्या कडेपर्यंत जावं लागतं. दोन बाजूंनी ठिणग्या पडल्या की ज्वाळांना कमी अंतर कापावं लागतं, मिश्रण लवकर आणि नीट जळतं. त्याचा फायदा इंधन आणि धूर दोन्हींच्या बाबतीत होतो.

एका सिलिंडरला दोन प्लग ही कल्पना मुळात जुनी आहे. पिस्टनवर चालणाऱ्या विमानांच्या इंजिनांत ती आधीपासून होती, तिथे एक प्लग बंद पडला तरी इंजिन चालू राहावं हाही हेतू असतो. बजाजने ती लहान इंजिनाच्या मोटारसायकलीत आणली, 2003 मध्ये पल्सरमध्ये. त्याच्या पेटंटवरून बजाज आणि टीव्हीएस यांच्यात 2007 पासून कोर्टकचेऱ्या चालल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की सर्व्हिसिंगला दोन्ही प्लग तपासून घ्यावेत. एक प्लग गेला तरी गाडी दुसऱ्यावर चालत राहते. पिकअप आणि मायलेज पडलेलं असतं आणि आपण दोष पेट्रोलला देत बसतो.

गैरसमज: ऑइल कूल्ड गाडीत थंड ठेवण्यासाठी वेगळं तेल घालावं लागतं.

वस्तुस्थिती: तेल तेच, इंजिन ऑइल. 200 आणि 220 सीसीच्या अ‍ॅव्हेंजरमध्ये इंजिनातलं गरम तेल एका लहान जाळीदार कूलरमधून फिरवलं जातं, समोरून येणाऱ्या हवेने ते निवतं आणि पुन्हा इंजिनात परततं. 150, 160 आणि 180 सीसीच्या गाड्यांत ही सोय नाही, त्या निव्वळ हवेवर थंड होतात. वेगळा खर्च काही नाही, पण तेलावर दुहेरी काम असल्यामुळे त्याची पातळी घसरू देणं महागात पडतं. ती पाहताना गाडी साइड स्टँडवर कलती ठेवू नका. सपाट जागी सरळ उभी धरूनच पाहा.

गैरसमज: सीट खाली आहे, म्हणजे गाडीचं पोट प्रत्येक स्पीड ब्रेकरला घासणार.

वस्तुस्थिती: सीट खाली आणली आहे म्हणून इंजिन खाली आलेलं नाही. अ‍ॅव्हेंजर 220 चा ग्राउंड क्लिअरन्स 169 मिलिमीटर आहे आणि साध्या मोटारसायकलींच्या मानाने तो कमी नाही. तरीही काही उंच, अरुंद उंचवट्यांवर ती घासते, कारण चाकांमधलं अंतर जास्त आहे. पुढचं चाक उतरून जातं, मागचं अजून चढलेलं नसतं आणि मधला भाग उंचवट्यावर येतो. मागे माणूस बसलेला असला की स्प्रिंग दबलेल्या असतात, मग हे अधिक जाणवतं.

गैरसमज: क्रूझरवर कितीही किलोमीटर जा, कंबर दुखत नाही.

वस्तुस्थिती: ज्या बैठकीसाठी लोक क्रूझर घेतात, तिचीच ही दुसरी बाजू आहे. हात सैल, पाय पसरलेले, मान सरळ. गुळगुळीत रस्त्यावर हे सुख खरंच आहे. मनगटांवर भार येत नाही, गुडघे अवघडत नाहीत.

पण साध्या मोटारसायकलवर पाय शरीराच्या खाली असतात. खड्डा दिसला की स्वार नकळत पायदाणावर भार टाकतो, सीटवरून किंचित उठतो आणि दणका गुडघ्यांत जिरतो. क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे उठताच येत नाही. आरामखुर्चीत रेललेल्या माणसाला हाताचा आधार न घेता उठायला सांगावं, तसं ते आहे. धडाचा सगळा भार माकडहाडावर असतो, शिवाय स्वार मागच्या चाकाच्या जवळ बसलेला. खड्ड्याचा दणका तिथून थेट मणक्यात शिरतो. वाऱ्याचंही तेच. छाती ताठ आणि हात पसरलेले असल्यामुळे वेग वाढला की अंग वारं अडवतं. अ‍ॅव्हेंजरच्या क्रूझ आणि स्ट्रीट या दोन रूपांपैकी क्रूझला पुढे उंच काच दिली आहे ती या कारणासाठी, निव्वळ शोभेसाठी नव्हे.

आता आपले रस्ते आठवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे अ‍ॅव्हेंजरवाल्याला जुन्या महामार्गानेच जायचं. कोकणात उतरायचं तर घाट आणि वळणं. दर तास-दीड तासाने थांबून पाय मोकळे करायचा नियम क्रूझरवाल्यालाही पाळावाच लागतो.

गैरसमज: एबीएस आहे, आता ब्रेकची चिंता नको.

वस्तुस्थिती: 125 सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं झालं. अ‍ॅव्हेंजरमध्ये ते एकाच चाकाला, पुढच्या डिस्क ब्रेकला आहे. मागे ड्रम ब्रेक आहे आणि तो जोरात दाबला तर चाक पूर्वीसारखंच जाम होऊ शकतं. क्रूझरवर भार मागे असल्यामुळे पाय आपसूक मागच्या ब्रेकवर जातो. पहिल्या पावसात, रेतीवर किंवा ओल्या पट्ट्यांवर ही सवय सांभाळायला हवी.

गैरसमज: मागे आणखी रुंद टायर आणि मोकळा सायलेन्सर बसवला की ती खरी क्रूझर होते.

वस्तुस्थिती: मागे मुळातच 130 मिलिमीटर रुंदीचा टायर आहे. रिम तीच ठेवून त्याहून जाड टायर चढवला तर त्याचा आकार बिघडतो, तो चेनला किंवा मडगार्डला घासू शकतो आणि वळताना गाडी जड पडते. मोकळ्या सायलेन्सरने आवाज वाढतो, ताकद नाही, आणि पोलिसांचा दंड भरावा लागतो तो वेगळा. खरंच काही तपासायचं असेल तर चाकं बघा. तारांच्या चाकांच्या क्रूझमध्ये ट्यूब असते, तर स्ट्रीटच्या अलॉय चाकांवर ट्यूबलेस टायर. आडगावात खिळा लागला की हा फरक कळतो.

नवी घ्या किंवा जुनी, शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून निर्णय घेऊ नका. खड्ड्यांच्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवा, अरुंद गल्लीत यू टर्न घेऊन पाहा आणि जो नेहमी मागे बसणार आहे त्यालाही सोबत न्या. गाडी सिग्नलला उभी केल्यावर दोन्ही तळवे सपाट टेकत असतील, हँडल पूर्ण वळवल्यावरही बाहेरचा हात पोचत असेल आणि उतरल्यावर कंबर कुरकुरत नसेल, तर ती तुमची गाडी. मग ती 160 घ्यायची की 220, हा प्रश्न त्यानंतरचा.