जनस्थान : कवीच्या नावाविना कवीचा पुरस्कार

कवी मोठा झाला की त्याच्या नावाने पुरस्कार निघतात. पुष्कळदा नाव कवीचे आणि सोहळा इतरांचा असा प्रकार होतो. कुसुमाग्रजांच्या बाबतीत मात्र गोष्ट थोडी निराळी आहे.

१९९० साली नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठान स्थापन झाले आणि १९९१ पासून दर दोन वर्षांनी 'जनस्थान' पुरस्कार देण्यात येऊ लागला. (मधल्या वर्षी इतर क्षेत्रांतील कर्तबगारांसाठी 'गोदावरी गौरव' असतो.) १९८७ च्या ज्ञानपीठाचे मानकरी असलेले कुसुमाग्रज तेव्हा हयात होते. तरी पुरस्काराला नाव पडले ते गावाचे. जनस्थान हे नाशिक-पंचवटीच्या परिसराचे रामायणकालीन नाव. त्यातला 'जन' हा शब्द मला विशेष आवडतो.

पहिला मान विजय तेंडुलकरांना, म्हणजे नाटककाराला मिळाला. पुढे विंदा करंदीकर, इंदिरा संत हे कवी आले, तसे गंगाधर गाडगीळ, व्यंकटेश माडगूळकर हे कथाकारही आले. आपल्यासारखे लिहिणाऱ्याचाच गौरव व्हावा हा हट्ट इथे दिसत नाही. मग कवीचा वारसा म्हणायचा तो कशाला?

या प्रश्नाचे उत्तर मला २००७ सालच्या निवडीत सापडते. त्या वर्षी हा पुरस्कार बाबूराव बागुलांना मिळाला. बागुलांचा जन्म १९३० चा, नाशिकजवळच्या विहितगावचा. त्याच वर्षी मार्च महिन्यात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता. तो काही वर्षे चालला आणि १९३२ मध्ये त्यात विष्णू वामन शिरवाडकर नावाचा एक तरुणही सामील झाला. वय अवघे वीस, म्हणजे जवळपास आपल्याएवढेच! 'जेव्हा मी जात चोरली होती' हा बागुलांचा कथासंग्रह १९६३ चा. जात लपवून काम करणाऱ्या माणसावर ती उघडी पडताच काय गुदरते, हे त्यातील शीर्षककथेत वाचताना अंगावर काटा येतो. ज्या गावात देवळाचे दार उघडत नव्हते, त्याच गावाच्या प्राचीन नावाचा सन्मान बागुलांच्या हाती आला. मुख्यतः कथालेखनासाठी ओळखल्या जाणाऱ्या या लेखकाला तो देण्यात कवीचा वारसा जितका जपला गेला, तितका तो कवीच्या शैलीत लिहिणाऱ्या दहा जणांना देऊनही जपला गेला नसता, असे मला वाटते. दोन वर्षे आधी गिरणगावच्या नारायण सुर्व्यांची निवड झाली होती, तीही याच रांगेतली.

एक आक्षेप मात्र उरतोच. सुर्वे काय, बागुल काय, दोघांनीही सत्तरी ओलांडली होती. बागुल तर पुढच्याच वर्षी गेले. पुरस्कार हा हार असावा की वाटखर्च? हार घालायला हरकत नाही. पण जिथे घरी पुस्तक विकत घेण्याची रीत नाही, तिथे लिहू लागलेल्याला वाटखर्चाचीच गरज अधिक. म्हणून मला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा 'विशाखा' पुरस्कार महत्त्वाचा वाटतो. तो नव्या कवीच्या पहिल्या संग्रहाला दिला जातो.

'विशाखा' हा काही कुसुमाग्रजांचा पहिला संग्रह नव्हे. 'जीवनलहरी' १९३३ सालीच निघाला होता. पण त्यांना घरोघर नेले ते 'विशाखा'ने. १९४२ साली हा संग्रह वि. स. खांडेकरांनी पदरचे पैसे घालून छापला आणि त्याला प्रस्तावनाही लिहिली. त्या वेळी त्यासाठी ना निवड समिती होती, ना सन्मानचिन्ह. मराठीतले पहिले ज्ञानपीठ १९७४ चे, ते खांडेकरांना मिळाले. आणि दुसरे, तेरा वर्षांनंतरचे, त्यांनी ज्याचे पुस्तक छापले त्या कवीला.