जुन्या मोटारीची शीतनव्यवस्था आणि दुष्फेन पाणी

प्रीमियर पद्मिनी ही फियाट ११०० च्या घडणीची छोटी मोटार मुंबईत कुर्ला येथे तयार होत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. तथापि काही हौशी मालकांनी ती अद्याप जतन केली आहे. इंजिन तापले की ‘रेडिएटरमध्ये पाणी घाला’ हा अशा जुन्या गाड्यांच्या बाबतीत सर्वतोमुखी असलेला उपाय होय. तोच कालांतराने रोगाचे कारण कसा बनतो, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

दख्खनच्या पठारावरील विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन (जड) असते. ते तापले असता त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटाचे विघटन होऊन अविद्राव्य कार्बोनेटाचा थर धातूवर बसतो. एकदाच भरलेल्या पाण्यातील क्षार मर्यादित असतात. परंतु गळतीमुळे रोज नवे पाणी घालावे लागल्यास रोज नवे क्षारही आत जातात. हा थर बिडापेक्षा कितीतरी मंद उष्णतावाहक असल्याने, पाणी भरपूर असूनही इंजिन तापते. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे आहे. ॲल्युमिनियमचे प्रसरण बिडाच्या सुमारे दुप्पट होते. त्यामुळे अतितापाने हेड वाकते, गॅस्केट फुटते आणि पाणी तेलात मिसळते.

म्हणून प्रथम गळतीचा शोध घ्यावा. होसचे सांधे, पंप, निचऱ्याची तोटी आणि झाकणाचे रबर तपासावे. दाब धरणाऱ्या झाकणाचे महत्त्व विशेष आहे: अर्धा वातावरण अधिक दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंश सेल्सियसला उकळते. याच कारणास्तव तापलेल्या इंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. दाब सुटताच पाणी उसळून गंभीर भाजते.

त्यानंतर, इंजिन थंड असताना, जुने पाणी काढून रेडिएटरमध्ये नित्याच्या प्रवाहाच्या उलट, म्हणजे खालून वर, स्वच्छ पाणी सोडावे. तीव्र आम्ल वापरू नये. ते ॲल्युमिनियमला खाते. शेवटी ऊर्ध्वपातित पाणी व गंजरोधकयुक्त इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण भरावे. केवळ ऊर्ध्वपातित पाणी पुरेसे नाही. पितळ, बीड व ॲल्युमिनियम यांच्या सान्निध्यामुळे होणारा विद्युत्-रासायनिक क्षय त्याने थांबत नाही. गंजरोधकही कालांतराने क्षीण होतो; सबब मिश्रण ठराविक मुदतीने बदलावे लागते.

सारांश, रेडिएटरमध्ये वारंवार पाणी घालावे लागणे ही देखभाल नसून दोषाची सूचना होय.