बर्फ सांगतो सशाचा पत्ता

सशाच्या शिकारीला जाताना वाघाच्या शिकारीची तयारी ठेवावी, असं आपल्याकडे म्हणतात. कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या रानात ही म्हण तंतोतंत खरी ठरते. फरक इतकाच, की तिथला वाघ म्हणजे थंडी! पारा शून्याखाली वीस अंश, गुडघाभर बर्फ, दुपार कलताच पडणारा अंधार; आणि शोधायचं काय, तर पांढऱ्या बर्फावर निश्चल बसलेला पांढराशुभ्र ससा. तो सापडावा कसा?

या सशाचं नाव ‘स्नोशू हेअर’. बर्फात रुतू नये म्हणून तिथले लोक बुटाखाली जाळीदार रुंद चौकट बांधतात, तिला स्नोशू म्हणतात. या सशाला ती जन्मजातच मिळालेली असते. त्याचे मागचे पाय लांब, पसरट आणि दाट केसाळ असतात. वजन जेमतेम दीड किलो. उन्हाळ्यात तपकिरी असणारा हा ससा हिवाळ्यात पांढरा होतो; काळी राहतात ती फक्त कानांची टोकं. म्हणून मुरलेला शिकारी अख्खा ससा शोधतच नाही. तो शोधतो एक काळाभोर डोळा!

मोठं रान नव्हे, दाट रान

नवखा शिकारी उंच, जुन्या झाडांच्या देखण्या जंगलात शिरतो आणि रिकाम्या हाताने परततो. कारण साधं आहे. हिवाळ्यात सशाला दोनच गोष्टी हव्या असतात: तोंड पोहोचेल एवढ्या उंचीवर खाणं, आणि रानमांजराच्या कुळातला लिंक्स, घुबड, ससाणा यांच्यापासून आडोसा. जुन्या जंगलात झाडांचे शेंडे आभाळात आणि खाली सगळं मोकळं. ससा तिथे कशाला थांबेल?

तो राहतो ते रान दिसायला मुळीच देखणं नसतं. दहा-वीस वर्षांपूर्वी लाकूडतोड झालेली किंवा वणव्यात जळालेली जागा, जिथे आता स्प्रूस आणि फरची पोरसवदा झाडं एकमेकांना खेटून उभी आहेत, ओढ्याकाठची अल्डर आणि विलोची जाळी, सीडरची दलदल. ज्या झाडीत माणसाला वाकून, अंग चोरून शिरावं लागतं, ती सशाची. मात्र एक अट आहे. झाडी बर्फाच्या वर उरायला हवी. उन्हाळ्यात दाट दिसणारी खुरटी झुडपं जानेवारीत बर्फाखाली गडप झालेली असतात.

अशी जागा कायमची नसते, हीच यातली खरी मेख. झाडं वाढतात, खालच्या फांद्या वाळून जातात आणि ससा मुक्काम हलवतो. त्यामुळे आजोबांनी दाखवलेली हमखास जागा नातवाच्या उपयोगी पडेलच असं नाही. कुठे केव्हा तोड झाली, कुठे वणवा लागला, याचा हिशेब ठेवणाऱ्यालाच ससा भेटतो.

खुणा कशा वाचतात?

बर्फ पडून गेल्यावरची सकाळ सर्वांत चांगली. जुने ठसे बुजलेले असतात, दिसतो तो ताजा माग. सशाच्या ठशांत दोन मोठे ठसे पुढे आणि दोन लहान मागे असतात. मोठे ठसे मागच्या पायांचे! उडी मारताना ते पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. हे ठाऊक नसलेला माणूस ससा आला त्या दिशेने माग काढत बसतो.

दुसरी खूण म्हणजे सशाची वाट. हे ससे रोज त्याच वाटांनी ये-जा करतात, त्यामुळे बर्फात दाबून तयार झालेल्या अरुंद पाऊलवाटा दिसतात. तिसरी खूण वाटाण्याएवढ्या गोल लेंड्यांची. आणि चौथी कुरतडलेल्या काड्यांची. सशाने तोडलेली काडी चाकूने तिरकी कापल्यासारखी दिसते. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून त्याने तोडलेली काडी पिंजारलेली असते.

हा ससा बिळात राहत नाही. बीगल कुत्रे मागे लागले, की तो ओळखीच्या टापूत मोठा वळसा घेऊन पुन्हा पहिल्या जागेजवळ येतो. म्हणून शिकारी त्याच्यामागे धावत नाही, तिथेच वाट पाहतो. क्री आणि इतर आदिवासी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या या पाऊलवाटांवर फास लावत आली. त्यांच्यासाठी ही हौस नव्हती, चूल होती. कातड्याच्या पट्ट्या विणून ते उबदार पांघरुणं करत. मात्र सशाच्या मांसात चरबी फारच कमी. नुसतं तेच खाऊन राहिलेली माणसं पोटभर जेवूनही खंगत जात.

दहा वर्षांचं चक्र

कधी कधी जागा अचूक असते, तरी ससा नसतो. १६७० साली स्थापन झालेल्या हडसन बे कंपनीच्या वह्यांत याचं उत्तर होतं. लिंक्सच्या कातड्यांची आवक दर दहा वर्षांच्या आसपास चढायची आणि कोसळायची. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या नोंदी अभ्यासल्या. ससे वाढले की लिंक्स वाढतात, ससे घटले की लिंक्सची उपासमार होते.

पण ससे घटतात कशाने? कॅनडाच्या युकॉन भागात चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी मोठा प्रयोग केला. १९९५ साली त्याचे निष्कर्ष आले. जादा खाणं दिलं तेव्हा ससे तिप्पट झाले. शिकारी प्राण्यांना कुंपणाबाहेर ठेवलं तेव्हा दुप्पट. आणि दोन्ही केलं तेव्हा तब्बल अकरापट! म्हणजे भूक आणि भीती मिळून सशाला घटवतात. पडत्या वर्षांत उरलेसुरले ससे अतिदाट झाडीच्या आश्रयाला असतात आणि पुढची पिढी त्यांच्यातूनच उभी राहते. म्हणून शहाणा शिकारी अशा वर्षी ती जागा ठाऊक असूनही तिथे जात नाही.

पांढरेपणाच वैरी

आता नवंच संकट आलं आहे. सशाचा रंग बर्फ पाहून नव्हे, तर दिवसाची लांबी घटली-वाढली की बदलतो. पण बर्फ उशिरा पडू लागला, लवकर वितळू लागला. मग तपकिरी पाचोळ्यावर पांढरा ससा लांबूनही उठून दिसतो, आणि त्याला स्वतःला त्याची कल्पनाही नसते. मोंटाना राज्यात सशांना रेडिओ-पट्टे बांधून केलेल्या अभ्यासात असे बेरंग ससे अधिक संख्येने मारले गेल्याचं दिसलं. ‘ससेहोलपट’ या आपल्या शब्दाचा अर्थ याहून स्पष्ट कुठे दिसेल?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, आणि तिकडेही परवान्याशिवाय कोणी हात लावू नये. पण माग काढायला परवाना लागत नाही. मुलाकडे-लेकीकडे कॅनडात गेलात, तर बर्फ पडल्यावर रानात एक चक्कर जरूर मारा. शहरातल्या बागेत दिसणारा ससा बहुधा वेगळा, बाराही महिने तपकिरी राहणारा. पांढऱ्याला भेटायचं तर दाट झाडी गाठावी लागेल. आणि जाणं जमलं नाही तरी काय बिघडलं? आपल्या माळावरही पहाटे ससा येतो. नातवंडांना घेऊन जा, लेंड्या आणि कुरतडलेलं गवत दाखवा. डोळे तयार होतील, आणि ससाही सुखरूप राहील.