मंडईच्या दिवसांतली सानगडी

नागपूर, पुणे, मुंबई येथे नोकरीच्या निमित्ताने स्थायिक झालेल्या भंडाऱ्याकडील मंडळींना दिवाळीची सुट्टी गावी ओढून नेते हे खरे. परंतु त्यांचा पाय तेथून लवकर निघत नाही, याचे कारण भाऊबिजेनंतर सुरू होणाऱ्या मंडईत, म्हणजे गावोगावच्या जत्रांत, आहे. बांधीतला धान कापून त्याच्या कडपा पडलेल्या असतात, कोठे पुंजणे रचले जात असतात, आणि अशा वेळी एका गावची मंडई आज, तर शेजारच्या गावची उद्या, अशी दिवसांची वाटणी परंपरेने झालेली असल्यामुळे, ज्या मामांच्या घरी आपण पाहुणे म्हणून उतरलो, तेच मामा दोन दिवसांनी आपल्याबरोबर आत्याच्या गावी पाहुणे होऊन येतात. सोयऱ्याधायऱ्यांच्या भेटीची इतकी सुजाण व्यवस्था मला अन्यत्र आढळलेली नाही.

साकोलीहून लाखांदूरकडे जाणाऱ्या मार्गावरील सानगडी हे अशा मुक्कामास फार सोयीचे गाव आहे. येथील किल्ला आकाराने मोठा नाही, आणि सह्याद्रीतील दुर्गांची सवय असलेल्या प्रवाशास प्रथमदर्शनी तो लहानच वाटेल. तथापि तुमसरजवळचा अंबागड, वैनगंगेकाठची पवनी आणि पूर्वेकडील प्रतापगड यांच्यासमवेत तो पाहिला, म्हणजे गोंड राजांपासून नागपूरकर भोसल्यांपर्यंतच्या अमदानीत या झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातील जंगली मुलखाचा, बंदोबस्त कसा ठेवला जात असेल, याची कल्पना येऊ लागते. तिसरे रघूजी १८५३ साली निवर्तले, राज्य खालसा झाले, आणि अशा ठाण्यांचे लष्करी महत्त्व संपले. घरातील एखाद्या आजोबांना सकाळी बरोबर घ्यावे आणि पडक्या तटाच्या आश्रयाने मुलांना हे सारे ऐकवावे.

किल्ल्याहूनही अधिक वेळ द्यावा तो तलावांना. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ही कीर्ती निसर्गाने दिलेली नसून मुख्यतः कोहळी समाजाच्या पिढ्यान्पिढ्यांच्या श्रमांनी मिळविलेली आहे. जमिनीचा उतार नजरेने पारखून, दोन उंचवट्यांमध्ये मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवावयाचे, तुडूम म्हणजे पाणी सोडण्याची मोरी बसवावयाची, आणि खालच्या बांध्यांना पाळीपाळीने भिजवण द्यावयाची, ही विद्या त्यांनी कोणत्याही पाठशाळेत न जाता हस्तगत केली. मोठ्या तलावाखाली लहान बोडी, बोडीखाली धान, असा तो पाण्याचा संसार. इंग्रजी बंदोबस्तात गावकऱ्यांचे पाण्यावरचे, जंगलावरचे हक्क वाजिब-उल-अर्ज या दप्तरात नमूद झाले होते; पुढे तत्कालीन मध्यप्रदेश सरकारने १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे येथील जमीनदारी, रद्द केली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळीची डागडुजी हे आपलेच कर्तव्य आहे ही गावाची भावना हळूहळू क्षीण झाली. मालगुजारीत अन्याय होता व ती जाणे योग्यच होते. परंतु तिच्याबरोबर देखभालीची रीतही जावी, हे मात्र या जिल्ह्याचे मोठे नुकसान झाले, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

पाळीवर उभे राहिले असता याच दिवसांत ढिवर बांधव शिंगाडे काढताना दिसतात. हिरव्या पानांची दाट जाळी हाताने उलटून खालची फळे तोडावयाची, हे काम पाण्यात तासन् तास चालते. हेच शिंगाडे उकडले की साल काळीभोर होते. ते दातांनी फोडून आतला पांढरा गर खाण्यात शहरातली मुले प्रथम चाचरतात, आणि मग मामींच्या टोपलीत काही उरत नाही. रात्री नव्या चिन्नोर तांदळाचा भात शिजू लागला, की त्याचा सुगंध ओसरीपर्यंत येतो.

दूरच्या स्थळांविषयी थोडक्यात सांगतो. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा आहे, आणि लोक आजही कोलासूर म्हणून त्यांना नमस्कार करतात. १९७५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या लेखणीने ते मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचविले. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे; २०१३ मध्ये ही दोन्ही राने एका व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाली. प्रतापगडाच्या पायथ्याशी महादेव आणि दर्गा दोन्ही आहेत, तर जवळच गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत नांदते आहे.

मात्र दिवसभर कितीही हिंडलात, तरी मंडईच्या गावी रात्री परत या. दुपारी दुकाने, पाळणे, लेकी-जावयांची वर्दळ. आणि रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक. झाडीपट्टीच्या या रंगभूमीवर नट संवाद म्हणतो तसा गातोही, वादक समोरच बसलेले असतात, आणि प्रयोग पहाटेपर्यंत रंगतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या मंडळींचे केंद्र. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये मिळालेल्या पद्मश्रीने या कलेचा रास्त गौरव झाला. अंगावर चादर, मांडीवर पेंगुळलेले पोर, शेजारी वर्षाने भेटलेली बहीण आणि समोर नाटक, असे सुख कोणत्याही विश्रामगृहात विकत मिळत नाही.

अलीकडे व्याघ्रदर्शनाची वेळ ठरवून जंगलाच्या दारातूनच परतणारी कुटुंबे वाढली आहेत. त्यांना माझी आग्रहाची विनंती अशी की, येत्या दिवाळीत रजेचा अर्ज भाऊबिजेपुरता न देता पुढच्या चार दिवसांचाही द्यावा, आपल्या सोयऱ्यांच्या गावची मंडई कोणत्या दिवशी आहे हे आधी पत्राने वा फोनने विचारून घ्यावे, आणि मुक्काम त्यांच्याच घरी करावा.